उतरवलेला सूर

ताई फोनवर "हो, वाजवीन" म्हणाली आणि धाकटीच्या हातातला कप बशीवर आदळला.

"तो कप बदल बाई," फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली. "चढा वाजतो. पूर्वी असा नव्हता."

कप तोच होता, बशीही तीच होती. काचेचा कप वयोमानाने चढा वाजू लागल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. पण धाकटीचं लक्ष कपाकडे नव्हतं. तो फोन कशाचा होता हे तिला एका 'हो'वरून कळलं होतं.

ताईला जग ओळखत होतं. विमानतळावरची माणसं पासपोर्ट उघडायच्या आधी तिच्याकडे बघून हसत. व्हायोलिन शिकणाऱ्या पोरींच्या खोल्यांत भिंतीवर तिचा फोटो असे, हनुवटी व्हायोलिनवर टेकलेली, डोळे मिटलेले. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. ती पियानोवर साथ करायची. नाव तिलाही होतं आणि कार्यक्रमपत्रिकेत ताईच्या नावाखाली बारीक अक्षरांत ते छापूनही यायचं, पण लोकांच्या लेखी ती 'ताईंबरोबर पियानोवर असतात ना, त्या' एवढीच होती. आपल्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं ती सांगायची. वाटायचं कधीमधी. सख्ख्या बहिणी म्हणजे काही संत नव्हेत.

फोन शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या संचालकाचा होता. ताई पहिल्यांदा मंचावर उभी राहिली त्याला पन्नास वर्षं होत होती. तेव्हा तिने जी रचना वाजवली होती तीच पुन्हा पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवावी, अशी त्याची विनंती होती. अशा विनंत्या बरीच वर्षं येत होत्या. धाकटी त्या वरच्या वरच परतवून लावायची. ताईचा खांदा दुखतो, ताईला दगदग सोसत नाही, ताईला आता छोट्या मैफली आवडतात. खोटं बोलणं एकदा हाताला लागलं की ते स्वयंपाकासारखं होतं, रोज काहीतरी रांधावंच लागतं. पण आज धाकटी स्वयंपाकघरात होती आणि फोन ताईने उचलला.

"छडीवाला पोरगा चांगला वाटला," ताई म्हणाली. संचालकांच्या हातातल्या त्या बारीक काठीवरून ती सगळ्यांनाच छडीवाला म्हणायची. "मी हो म्हटल्यावर रडायचाच बाकी होता. आणि तुझं तोंड का असं उतरलंय? यात तुला पियानो नाही म्हणून?"

"नाही गं ताई. तसं काही नाही."

"मग?"

"दगदग होईल तुला."

"मेले तरी वाजवताना मरेन," ताई म्हणाली आणि नवा कप घ्यायला उठली.

आता धाकटीला भीती कसली होती, ते सांगायला हवं.

वाद्यवृंदात एक रीत असते. ओबो नावाचं सनईच्या जातीचं एक वाद्य असतं. ते एक सूर लांबवून धरून ठेवतं आणि बाकीचे साठ-सत्तर जण आपापली वाद्यं त्याच्याशी जुळवून घेतात. मुख्य वादक बाहेर आला की तोही तो सूर मागतो, तारा तपासतो आणि मग वाजवतो. ताईने तो सूर उभ्या जन्मात मागितला नव्हता. ती आतल्या खोलीत, कशाचाही आधार न घेता, डोक्यातल्या सुरावर व्हायोलिन लावायची आणि बाहेर येऊन थेट सुरुवात करायची. तरुणपणी एका म्हाताऱ्या संचालकाने तिला लोकांसमोर विचारलं, "सूर घेणार ना, मुली?" ती म्हणाली, "मी घेत नाही. तुम्हाला हवा असेल तर देते." ते वाक्य गाजलं आणि ताई जन्मभरासाठी त्या वाक्याला बांधली गेली.

ते वाक्य नुसती ऐट नव्हती. लहानपणी वडील भिंतीआडून पातेल्याचं झाकण वाजवायचे आणि ताई इकडून कोणता सूर ते सांगायची. चमचा, कुलूप, शेजाऱ्यांची सायकल, काहीही. एकदाही चुकली नाही. धाकटी दहातले सहा चुकायची. वडिलांनी तिथल्या तिथे निकाल लावला. मोठीला व्हायोलिन दिलं आणि धाकटीला पियानोवर बसवलं, कारण मोठीला साथ लागणार होती.

तो कान हल्ली बिघडला होता.

बिघडला म्हणजे ऐकू येईना असं नाही. टाचणी पडली तरी ताईला ऐकू येई. फक्त सगळं जग तिला जरा चढं ऐकू यायचं. सुरुवात दाराच्या घंटेपासून झाली. एका सकाळी ताई म्हणाली, "घंटेला काय झालंय? चढली कशी?" वीजवाल्याला बोलावून घंटा बदलली. नवीही चढी निघाली. मग केटलीची शिट्टी चढी झाली, मग लिफ्ट, मग रेडिओवरचे सगळे वाद्यवृंद. "हल्ली चमक यावी म्हणून मेले सूर चढवतात," ताई चिडून म्हणायची. "आमच्या वेळी असं कोणी केलं असतं तर उभं केलं नसतं." यात थोडं तथ्य होतं, काही वाद्यवृंद खरंच सूर थोडा चढा ठेवतात. म्हणून तर तिला शंका आली नाही. अर्ध्या खऱ्याइतकं माणसाला दुसरं काही फसवत नाही.

धाकटीला मात्र त्या घंटेच्या दिवशीच कळलं होतं. तिने गुपचूप सूर तपासायचा नादकाटा काढून कानाशी धरला, मग पियानोची पट्टी दाबली. पियानो जागेवर होता. ताईचं व्हायोलिन त्याच्या खाली होतं, केसभर, पण खाली.

तेव्हाच सांगायचं होतं. सांगायचं वचनही दिलेलं होतं.

त्या दोघींचे मास्तर होते, ताईचे गुरू. उतारवयात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. भर मंचावर गज तारेवरून घसरला, पुन्हा घसरला, आणि वरच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर घरी गेले आणि परत बाहेर पडले नाहीत. दोघी बहिणी त्यांना भेटायला जायच्या. पडदे ओढलेले असायचे, व्हायोलिनची पेटी कपाटामागे टाकलेली असायची आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. एकदा परत येताना ताईने रस्त्यात धाकटीचं मनगट धरलं. "माझं काही बिघडलं तर तू सांगायचं. सगळ्यांच्या आधी तू. बाकीचे माझ्या तोंडावर गोडच बोलणार. छोटे, ऐकतेयस ना? मला लोकांच्या हसण्यातून कळता कामा नये." आणि थोड्या वेळाने, चालता चालताच म्हणाली, "माझा हात गेला तर मी जगेन. कान गेला तर नाही जगणार."

पहिल्या वाक्यामुळे सांगायला हवं होतं आणि दुसऱ्यामुळे सांगता येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. धाकटीने काही महिने नुसती वाट बघितली. मग एका तालमीत ताईने गज खाली ठेवला आणि म्हणाली, "पियानो चढलाय. काकांना बोलव."

काका म्हणजे पियानो लावणारे. काका नुसतं म्हणायचं, वयाने ते त्यांच्याच बरोबरीचे. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली, तारा तपासल्या आणि म्हणाले, "धाकट्या बाई, हा तर अगदी बरोबर आहे."

"खाली घ्या," धाकटी म्हणाली.

"किती?"

"ताईला बरोबर वाटेल इतका."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, कारण त्यांचा धंदाच तो होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणता?" ते म्हणाले आणि किल्ली तारेच्या खुंटीला लावली. ताई आत आली, पहिला सूर ऐकला आणि तिचा चेहरा इतका खुलला की धाकटीला वाटलं, आपण चांगलंच काम केलं.

तेव्हापासून दौरा असला की काका बरोबर असायचे. दरेक सभागृहात ताई विश्रांती घेत असताना ते पियानो उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला हे असं काय दिलंत म्हणून तिथल्या लोकांच्या शिव्या खात परत चढवायचे. वर्षागणिक सूर खाली खाली जात होता. आता तो पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्यावर आला होता. जाणत्यांपैकी काहींच्या लक्षात यायचं, पण मोठ्यांचे चोचले म्हणून ते सोडून द्यायचे. एका समीक्षकाने तर लिहिलं की उतारवयात ताईंच्या वादनाला एक गडद, परिपक्व छटा आली आहे. काकांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. "ही छटा आपली हो," ते धाकटीला म्हणायचे, आणि दोघं चोरासारखी हसायची.

हसायचे दिवस आता संपले होते.

"पियानो एक असतो," काका म्हणाले. धाकटीने त्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गाठलं होतं. "एकाला उतरवता येतं. सत्तर माणसं कशी उतरवायची? त्या बासऱ्या, ते ओबो, लाकडात भोकं पाडलेली असतात. ते काय माझ्या किल्लीने फिरतंय?"

"मग काय करू?"

"सांगून टाका."

"तुम्ही येता बरोबर?"

काकांनी कप उचलला, रिकामा होता तरी तोंडाला लावला. "मी आलो तर त्या माझ्यावर ओरडतील आणि तुमच्यावर ओरडायचं राहून जाईल," ते म्हणाले. "तुम्ही घरच्या. तुम्ही सांगितलेलं बरं." एवढी वर्षं बरोबरीने पाप केलेला माणूस असा अलगद बाजूला झाला. धाकटीला त्यांचा राग आला, पण तिला स्वतःचीही तीच इच्छा होत होती, म्हणून तो फार टिकला नाही.

ती सांगायला गेलीच नाही असं नाही. तीनदा गेली. एकदा ताई आंघोळीला निघाली होती. एकदा ताई इतकी सुंदर वाजवत होती की धाकटी दाराशी उभी राहून ऐकतच राहिली. एकटं वाजवताना कुठे काही बिघडत नव्हतं, प्रत्येक सूर दुसऱ्याशी घट्ट जुळलेला होता, फक्त सगळे मिळून जगाच्या खाली होते. अशा माणसाला चुकतंयस म्हणून कसं सांगायचं? तिसऱ्यांदा ताईनेच तिला बोलावलं. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, व्हायोलिन मांडीवर होतं.

"छोटे, मला भीती वाटते गं," ताई म्हणाली.

ताईच्या तोंडून हे वाक्य धाकटीने कधी ऐकलं नव्हतं.

"कसली?"

"बोटांची. वेगाची जागा आहे ना शेवटच्या भागात, तिथे करंगळी अडखळते. तुला ऐकू येतं?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, ताई. करंगळी उत्तम आहे."

"मग झालं तर. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," ताई म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला. ताईचा हात गार होता. धाकटी तशीच उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. माणूस खरं बोलूनही खोटा पडू शकतो, तो असा.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. रस्त्याने जाताना कुठे कोणी हसलं की ती दचकायची. सभागृहाला कुलूप लागावं, संचालक आजारी पडावा, आपण तरी आजारी पडावं, असं काहीबाही मनात यायचं. मनातली शेवटची, सर्वांत घाणेरडी इच्छा अशी होती की ताईच्या हातालाच काहीतरी व्हावं. ती इच्छा मनात आली तेव्हा धाकटी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ नुसती ओट्याला धरून उभी राहिली.

तालमीचा दिवस उजाडला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

सभागृह रिकामं होतं. मंचावर सत्तर माणसं साध्या कपड्यांत बसली होती, कोणाच्या पायाशी पाण्याची बाटली, कोणाच्या खुर्चीला स्वेटर. धाकटी सातव्या-आठव्या रांगेत बसली. काका दाराजवळ उभे होते, निघायला सोपं पडावं म्हणून. ओबो वाजवणारी मध्यमवयीन बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिने सूर धरला, सगळ्यांनी वाद्यं जुळवली आणि मग आतून ताई आली. सगळे उठून उभे राहिले. तरुण संचालकाने छातीवर हात ठेवून मान लववली. ताईने व्हायोलिन खांद्याला लावलं आणि डोळे मिटले.

वाद्यवृंदाने सुरुवातीचा भाग वाजवला. ताईच्या कपाळावर आठी पडली. मग तिची जागा आली आणि तिने गज ठेवला.

तो आवाज धाकटीने मनात हजारदा ऐकला होता, पण प्रत्यक्ष तो त्याहून वाईट होता. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी निर्दोष आणि एकत्र असह्य. लहान मूलही म्हणालं असतं की काहीतरी चुकतंय. पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांनी माना खाली घातल्या आणि कागदाकडे असे बघू लागले की जणू तो आजच पहिल्यांदा दिसला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं धाकटीला वाटलं. तेवढ्याने तिची तरी सुटका झाली असती.

संचालकाने छडी खाली केली. "पुन्हा एकदा घेऊ या, माझंच चुकलं," तो म्हणाला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. बिचाऱ्याच्या कपाळाला घाम फुटला. तो तंतुवाद्यांकडे वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आपण सगळे थोडं खाली येऊ. बाईंच्या सुराला जुळवून घेऊ."

"आम्हाला इतकं खाली येता येणार नाही," ओबोवाली म्हणाली. तिने हळूच म्हटलं होतं, पण रिकाम्या सभागृहात हळू काही राहत नाही.

ताईने डोळे उघडले.

"जुळवून घेऊ? माझ्यावर उपकार करताय का?" तिचा आवाज चढला. "तुम्ही सगळे चढे आहात. आल्यापासून ऐकतेय. काय सूर आहे हा?"

ओबोवालीने समोरचं छोटं यंत्र उचललं, ज्यावर सूर मोजतात ते, आणि परत ठेवून दिलं. ताईने ते पाहिलं. ती मंचाच्या कडेपर्यंत आली आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून खाली बघू लागली.

"छोटे! कुठे बसलीस? सांग यांना. कोण बरोबर आहे?"

सत्तर चेहरे सातव्या-आठव्या रांगेकडे वळले. धाकटी उठून उभी राहिली. अजूनही एक खोटं शिल्लक होतं आणि ते तिच्या जिभेवर आलंही होतं. ताईचं बरोबर आहे म्हणायचं, तिचा हात धरायचा, गाडीत बसवायचं आणि कार्यक्रम रद्द करायचा. असभ्य वाद्यवृंद म्हणून ताईने त्यांना जन्मभर नावं ठेवली असती. ताई शाबूत राहिली असती. आणि तिथे बसलेल्या सत्तर जणांनी आज संध्याकाळी घरी जाऊन, जेवता जेवता, हसून सांगितलं असतं.

"तुझा सूर खाली आहे, ताई," धाकटी म्हणाली.

"काय?"

"ते बरोबर आहेत. तू खाली आहेस."

दाराचा आवाज झाला. काका गेले होते.

ताई ओरडली नाही. धाकटी ओरडण्याची वाट बघत होती, ते आलंच नाही. "कधीपासून?" ताईने विचारलं.

"दाराची घंटा बदलली तेव्हापासून."

ताई मनात मागे मागे जात होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शहरं, सभागृहं, टाळ्या. मग ती थांबली. "आणि आपला पियानो?"

"काका उतरवायचे. मी सांगायचे त्यांना."

"दरवेळी?"

"दरवेळी."

ताईने मान हलवली, जशी आपण परक्या माणसाने रस्ता सांगितल्यावर हलवतो. मग ती वळली आणि ओबोवालीसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, तुमचा सूर द्या," ती म्हणाली.

ओबोवालीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिने सूर धरला. ताईने खुंटी पिळली. तार वर वर जात ओबोला मिळाली तेव्हा सगळ्या मंचाने श्वास सोडला, पण ताईने तोंड असं केलं की जणू कडू औषध जिभेवर ठेवलंय. जे सगळ्यांना बरोबर वाटत होतं ते तिला चूक ऐकू येत होतं. तिने तशीच सगळी तालीम वाजवली. आणि जन्मात पहिल्यांदा ती डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या बोटांकडे बघत वाजवत होती.

घरी आल्यावर ताई थेट खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. धाकटीने तिच्या खोलीच्या दाराला कान लावला. आत नुसती शांतता होती. मास्तरांचे ओढलेले पडदे डोळ्यांसमोर आले की ती दार ठोठावायची आणि आतून "जागी आहे" एवढंच ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरून वाहत होतं. ताई मंचावर आली आणि तिने ओबोचा सूर मागितला. प्रेक्षकांत कुजबुज पसरली. जुन्या रसिकांना तो मोठेपणा वाटला, कोणीतरी तर तेवढ्यावरच टाळ्या वाजवल्या. धाकटी पहिल्या रांगेत होती. तिने हातातली कार्यक्रमपत्रिका पिळून पिळून तिची दोरी केली. तिला ताईच्या एकेका बोटाची भीती वाटत होती. प्रत्येक सूर लागायच्या आधी तिचा श्वास अडकायचा आणि लागल्यावर सुटायचा. असा हजारो वेळा अडकला आणि सुटला. ताई एकाही सुरावर भरवसा नसताना, कानात सगळं वाकडं ऐकत, नुसत्या बोटांच्या सवयीवर आणि जिद्दीवर वाजवत होती. दुसऱ्या भागात वर चढताना एक सूर खाली राहिला. एकच. बाकी सगळं जिथल्या तिथे बसलं. शेवटी लोक उभे राहिले ते बराच वेळ बसलेच नाहीत.

धाकटी धावतच आतल्या खोलीत गेली. ताई आरशासमोरच्या खुर्चीत बसली होती, आरशाकडे पाठ करून. व्हायोलिन अजून हातातच होतं.

"कसं झालं?" ताईने विचारलं.

धाकटीने वाटेतच ठरवलं होतं, आता यापुढे खोटं म्हणून बोलायचं नाही, गोड म्हणूनसुद्धा नाही. "दुसऱ्या भागात, वर जाताना, एक सूर खाली राहिला," ती म्हणाली. "बाकी सगळं बरोबर होतं, ताई. अगदी सगळं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर धाकटीने पाय धरले असते.

"एकच राहिला," ताई म्हणाली, "की एकच सांगतेस?"

"एकच. शपथ घेऊन सांगते."

ताईने नुसती मान हलवली. खऱ्याला पुरावा म्हणून द्यायला धाकटीजवळ आपल्या शब्दाखेरीज काही नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. सभागृहातला खुर्च्या उचलणारा माणूस जास्तीची खुर्ची न्यायला आला होता. आत ताईला बघून तो गडबडला आणि परत फिरायला लागला.

"थांबा," ताई म्हणाली. "तुम्ही ऐकलंत? कसं झालं?"

"मी बाहेर होतो, बाई," तो म्हणाला, आणि मोठ्या माणसाला एवढंच कसं सांगायचं म्हणून घाईघाईने पुढे बोलला, "पण छानच झालं असणार. तुमचं छानच असतं."

त्याने खुर्ची उचलली आणि पायाने दार ओढून घेऊ लागला.

"दार राहू द्या उघडं," ताई म्हणाली. "येईल त्याला विचारते."